आधी नमुना, मग गोळी

चार दिवस ताप हटला नाही की रुग्णाचे रक्त तपासायला जाते आणि संध्याकाळी घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘टायफॉईड निघाला.’ साताऱ्यात निघतो तसा सांगलीत निघतो, कराड-विट्यालाही निघतो. मग सलाईन, महागडी इंजेक्शने, पंधरा दिवस मऊ भात आणि भेटायला येणाऱ्यांची मोसंबी. हे जे ‘निघते’ ते बहुतेक वेळा विडाल नावाच्या तपासणीवरून. फ्रान्समधील डॉक्टर फर्नांड विडाल यांनी ती १८९६ साली सुचवली. त्या काळात ती मोठी सोय होती, पण ती जंतू शोधत नाही. जंतूंशी लढताना शरीराने रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार केली, त्यांचा ती अंदाज घेते. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेलेला असेल, लस घेतलेली असेल किंवा ताप दुसऱ्याच कशाचा असेल, तरीही एकट्या विडालचा आकडा वाढलेला दिसू शकतो. उलट खऱ्या टायफॉईडच्या पहिल्या आठवड्यात तो साधाच राहू शकतो. म्हणजे ज्या दिवसांत उत्तर हवे असते नेमक्या त्याच दिवसांत ही तपासणी फारशी भरवशाची नसते.

जंतू खरोखर आहे की नाही हे पाहायचे तर त्याला प्रयोगशाळेत वाढवावे लागते. यालाच आपण कल्चर म्हणतो. मी आयुष्यभर हेच काम केले, आधी साताऱ्यात आणि पुढे सांगलीकडे. म्हणून माझ्या मताला थोडा पक्षपाताचा वास येईल, तो वाचकांनी सोसावा. माझे मत सरळ आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कल्चर करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, जाणती माणसे आहेत, परंतु नमुना तिथपर्यंत वेळेवर पोचत नाही. पोचतो तेव्हा रुग्णाने अँटिबायोटिकच्या चार गोळ्या गिळलेल्या असतात. मग प्लेटवर काही उगवत नाही आणि लोक म्हणतात, ‘कल्चरात काही सापडत नाही हो, पैसे फुकट.’

जंतू वाढवायचा म्हणजे काय करायचे, हे एकदा समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. जंतूला खायला लागते. प्रथिनांचे पाचक रसांनी तुकडे केले की पेप्टोन तयार होते, ते त्याचे मुख्य अन्न. त्यात मीठ, साखर, पाणी. हे झाले सूप. परंतु सुपात सगळे जंतू एकत्र खिचडी होऊन वाढतात, वेगळे काढता येत नाहीत. म्हणून ते घट्ट करावे लागते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी त्यासाठी जिलेटिन वापरून पाहिले. जिलेटिनची अडचण अशी की ते उन्हाळ्याच्या हवेत वितळते. आपल्या शरीराच्या तपमानाला, म्हणजे सदतीस अंशांना, तर त्याचे पाणीच होते, आणि आतड्यातले जंतू वाढायला नेमके तेच तपमान हवे. यातून वाट काढली ती एका गृहिणीने. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली करताना अगर-अगर वापरीत. जावात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ते त्यांना कळले होते. १८८१-८२ च्या सुमारास त्यांनी नवऱ्याला हे सुचवले आणि आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळा त्याच पदार्थावर चालतात. आपल्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून जी पांढरी पट्टी मिळते ती हीच. एकदा घट्ट झालेली ही जेली भर वैशाखातही वितळत नाही. फॅनीबाईंचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते.

घट्ट खाद्य मिळाले तरी मुख्य प्रश्न उरलाच. एक ग्रॅम शौचात हजारो कोटी जीवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक आपले निरुपद्रवी भाडेकरू. त्या गर्दीतून टायफॉईडचा किंवा पटकीचा एखादा गुन्हेगार कसा ओळखायचा? जत्रेतल्या गर्दीत चोर शोधण्यासारखेच हे काम आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याला एक नामी युक्ती काढली. आतड्यात राहणाऱ्या जंतूंना पित्ताची सवय असते, बाहेरच्या पुष्कळांना नसते. तेव्हा खाद्यात पित्तक्षार घातले की उपरे आपोआप बाद होतात. त्याच्या जोडीला त्यांनी दुधातली साखर आणि एक लाल रंगद्रव्य घातले. जो जंतू ही साखर आंबवतो त्याच्या वसाहती गुलाबी दिसतात. आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय गुलाबी होतो. टायफॉईडचा आणि रक्ती आंवेचा जंतू साधारणपणे ही साखर आंबवत नाही, तो फिका राहतो. गुलाबी ठिपक्यांमध्ये चार फिके ठिपके दिसले की तपासणाऱ्याचे डोळे तिथे थांबतात. खाली बिस्मथ घातलेले दुसरे एक खाद्य आहे, त्यावर टायफॉईडचा जंतू काळा आणि धातूसारखा चकचकीत उगवतो. पटकीच्या जंतूला क्षार आवडतो, आम्लता मुळीच सोसत नाही. जपानमध्ये १९६३ साली तयार झालेल्या टीसीबीएस या हिरव्या प्लेटवर तो पिवळाधमक होतो. पहिल्यांदा ती प्लेट पाहणारा विद्यार्थी हळदीचे थेंब पडल्यासारखे दिसते म्हणतो, आणि ते बरोबर आहे.

यात आपल्या देशाचे काम थोडे नाही, पण ते कोणी सांगत नाही म्हणून मी जरा विस्ताराने सांगतो. पूर्वी पटकीची साथ खेडेगावात येई आणि प्रयोगशाळा दूर शहरात असे. नमुना टपालाने पाठवावा तर वाटेत पटकीचे जंतू मरत आणि इतर जंतू माजत. मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये वेंकटरामन आणि रामकृष्णन यांनी १९४१ साली यावर तोडगा प्रसिद्ध केला. पाणी, थोडे पेप्टोन आणि चक्क समुद्राचे साधे मीठ! क्षारता बरीच वाढवलेली. पटकीचा जंतू मूळचा खाऱ्या पाण्याचा रहिवासी, त्याला हे मानवते. इतरांना मानवत नाही. या पाण्यात नमुना बरेच दिवस प्रवास करू शकतो. जवळ बर्फ नसताना, फ्रीज नसताना, मिठागरातल्या मिठाने काम भागवले. मला हे संशोधन फार आवडते, कारण यात यंत्राचा तोरा नाही, जंतूच्या सवयींची जाण आहे.

दुसरी गोष्ट खाद्याच्या डब्यांची. एके काळी प्रयोगशाळा बाजारातून मटण आणून, त्याचा अर्क काढून स्वतःच सूप करीत. सोमवारचे सूप गुरुवारच्या सुपासारखे नसे, मग निष्कर्षही डगमगत. तयार पावडर इंग्लंड-अमेरिकेतून येई, ती महाग पडे आणि वेळेवर मिळेलच असे नसे. १९७० च्या दशकात गंगाधर वारके यांनी मुंबईत हायमीडिया उभी केली आणि ही पावडर इथे तयार होऊ लागली. आज तालुक्याच्या गावी एखादी छोटी प्रयोगशाळा कल्चर लावू शकते याचे एक मोठे कारण हे आहे. आपल्या माणसांचे कौतुक करताना आपण नट आणि क्रिकेटपटूंपलीकडे क्वचितच जातो, म्हणून हा उल्लेख.

आता कोणी म्हणेल, नवीन यंत्रे आली, पीसीआरने दोन तासांत उत्तर मिळते, मग या जुन्या जेलीची गरज काय? गरज आहे. यंत्र जंतूची खूण शोधते. आपण जी खूण विचारली तेवढीच ते सांगते. प्लेटवर जिवंत जंतू समोर उभा राहतो आणि त्याला वाटेल ते प्रश्न विचारता येतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, बाबा, तू कोणत्या औषधाने मरतोस? औषध लावलेल्या कागदी चकत्या प्लेटवर ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाही, मोकळे गोल रिंगण दिसते, ते औषध लागू पडणार. १९७२ साली केरळात कालिकतला टायफॉईडची साथ आली तेव्हा वर्षानुवर्षे रामबाण ठरलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या चकतीभोवती रिंगण दिसेना. जंतू निर्ढावला होता. पुढे एकामागून एक औषधे अशीच निकामी होत गेली. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंधमध्ये तर असा टायफॉईड पसरला की नेहमीची गोळ्या-इंजेक्शने बहुतेक सगळी वाया. हे कळले ते कल्चरमुळे. विडालला यातले काही कळत नाही.

१९९२ च्या ऑक्टोबरात मद्रासला पटकीसारखी साथ आली. प्लेटवर जंतू पटकीच्याच जातीचा दिसत होता, परंतु पटकीची ओळख पटवणारे नेहमीचे सिरम त्याला लागू होईना. तोवर ठाऊक असलेल्या १३८ प्रकारांत तो बसत नव्हता. त्याला १३९ वा क्रमांक द्यावा लागला. काही महिन्यांतच तो कलकत्ता आणि बांगलादेशात पोचला. त्या वेळी कोणी नमुना न घेता केवळ सलाईन लावून रुग्ण घरी पाठवले असते, तर रुग्ण बरे झाले असते हे खरे, पण जगाला नवा जंतू आलेला कळायला कितीतरी उशीर झाला असता.

आणि अगदी अलीकडचे, आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात हातापायांतली शक्ती जाणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण एकदम वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. अनेकांना आधी जुलाब होऊन गेले होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू आढळला. जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी, शरीराच्या प्रतिकारशक्तीची दिशाभूल होऊन ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा प्रकार. हा जंतू काही नवा नाही. परंतु तो मॅकॉन्कीच्या नेहमीच्या प्लेटवर, नेहमीच्या पेटीत सहज दिसत नाही. त्याला प्राणवायू कमी लागतो, उष्णता जास्त म्हणजे बेचाळीस अंश चालते, आणि इतर जंतूंना दाबण्यासाठी खाद्यात मुद्दाम अँटिबायोटिके घालावी लागतात. इंग्लंडमध्ये स्किरो यांनी १९७७ साली असे खाद्य वापरून दाखवले, तेव्हा कुठे लोकांना कळले की हा जुलाबाचा एक नेहमीचा जंतू आहे. तोवर तो नव्हता का? होताच. त्याच्यासाठी कोणी ताट वाढले नव्हते, एवढेच. आपल्याकडे जुलाबाच्या किती रुग्णांत हा जंतू मुद्दाम शोधला जातो, हे आपल्या गावच्या प्रयोगशाळेत सहज चौकशी करून पाहावे.

आता आपल्या नदीकडे येतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून माहुलीला येते, कराडला कोयना घेते आणि सांगलीला जाते. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पिण्याचे पाणी, हा नकाशाच आहे. पूर्वी पटकी आली की गावकरी मरीआईचा गाडा वाजत-गाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत, मग पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायचा. गाडे गेले, पण संकट खालच्या गावाकडे ढकलण्याची रीत सांडपाण्याच्या रूपाने शिल्लक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, तिथे पाणी ५७ फुटांवर गेले. विहिरी, बोअर, टाक्या, गटारे सगळे एक झाले. अशा वेळी पाणी स्वच्छ दिसते की गढूळ यावर भिस्त ठेवून चालत नाही.

यासाठीही एक खाद्य आहे आणि ते खेड्यात वापरता येण्याजोगे आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ साली ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडले. छोट्या बाटलीत कागदाची घडी, तिच्यावर पेप्टोन, गंधकाचा एक क्षार, लोहाचा एक क्षार आणि थोडे टीपॉल वाळवून ठेवलेले. त्यात वीस मिली पाणी घालायचे आणि उबदार जागी ठेवायचे. मैलापाण्याबरोबर येणारे काही जंतू गंधकापासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू करतात, तो लोहाशी मिळून काळा होतो. रात्री ठेवलेली बाटली सकाळी काळी झाली तर पाण्यात मैला मिसळल्याचा दाट संशय घ्यायचा. पेटी नको, वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. ‘एच-टू-एस बाटली’ म्हणून ती आता गावोगावी पोचली आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण द्यायचे ठरले, त्यांच्या हातात ही बाटली असते.

बाटली काळी झाल्यावर काय होते? माण भागातील एका गावात एका ताईंनी मला काळी बाटली दाखवली. ग्रामपंचायतीच्या माणसाने त्यांना सांगितले होते, ‘ताई, तुम्ही ती चुलीजवळ ठेवली असेल.’ ताई म्हणाल्या, ‘शेजारच्या विहिरीची बाटली पण तिथंच ठेवली व्हती की, ती न्हाई झाली काळी.’ याहून चांगला शास्त्रीय युक्तिवाद मी परिसंवादातही क्वचित ऐकला आहे. दुसरी एक चलाखी मी अनेक ठिकाणी पाहिली. नमुना न्यायला माणूस येणार त्या दिवशी पहाटे टाकीत टीसीएल पावडर दुप्पट टाकायची. मग अहवाल स्वच्छ येतो आणि गावाला हिरवे कार्ड मिळते. टीसीएल टाकू नये असे माझे म्हणणे नाही. ती रोजच टाकावी आणि नळाच्या शेवटच्या घरी ओ.टी. चाचणीला पिवळा रंग येतो का ते रोज पाहावे. फक्त परीक्षेच्या दिवशी अभ्यास नको.

पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवताना निर्जंतुक बाटली विसळू नये. तिच्या तळाशी जो पांढरा कण दिसतो तो कचरा नव्हे, तो क्लोरीनचा परिणाम थांबवणारा क्षार आहे. तो नसेल तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत पोचवावी. एसटीच्या टपावर उन्हात जाणारा नमुना पाठवला काय आणि न पाठवला काय.

रुग्णाच्या बाबतीत एक गैरसमज होऊ देऊ नये. प्रत्येक जुलाबाला कल्चर लागत नाही. लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात, तिथे मीठ-साखरेचे पाणी म्हणजे ओआरएस आणि झिंक हेच खरे औषध. कोणताही जुलाब असो, शरीरातले पाणी भरून काढणे आधी, नमुना त्याबरोबर. अहवालाची वाट पाहत रुग्णाला सुकत ठेवणे हा गुन्हाच. मात्र शौचातून रक्त पडत असेल, तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब सुरू असतील, एका गल्लीत एकदम पाच-सात जण आजारी पडले असतील, किंवा ताप हटत नसेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वी नमुना घ्यायला पाच मिनिटे लागतात. तापासाठी रक्ताचे कल्चर, तेही पहिल्याच आठवड्यात. टायफॉईडच्या शंभर खऱ्या रुग्णांत ते साधारण चाळीस ते साठ जणांत उगवते, म्हणजे तेही सर्वज्ञ नाही. तरी उगवले तर पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागत नाही. मोठ्या माणसाचे आठ-दहा मिली रक्त लागते, ‘एवढं रक्त कशाला?’ म्हणून नाराज होऊ नये. रक्तात जंतू विरळ असतात. शौचाचा नमुना रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत, लघवी किंवा फिनेल न मिसळता, दोन तासांत द्यावा. रक्ती आंवेचा जंतू फार नाजूक असतो, तो उशीर सोसत नाही.

दोन तासांत पोचणे जतहून मिरजेला किंवा पाटणच्या वाडीवरून साताऱ्याला शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी कॅरी-ब्लेअर नावाचे निमघट्ट खाद्य १९६४ पासून उपलब्ध आहे. छोट्या नळीत ते भरलेले असते, त्यात नमुन्याचा बोळा खुपसला की जंतू वाढत नाहीत पण जिवंत राहतात. आपल्याकडे मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडला कृष्णा आहे, साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. प्लेट लावणाऱ्यांची उणीव नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये लसीशेजारी अशा वीस नळ्या ठेवायला किती खर्च येईल याचा हिशेब जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने एकदा मांडावा. कॅम्पिलोबॅक्टरसाठी लागणारे खाद्य आणि कमी प्राणवायूची बरणी निदान दोन्ही जिल्ह्यांत एकेका ठिकाणी तरी कायम तयार असावी. पावसाळ्याआधी टीसीएलची पोती मागवतात, त्याच मागणीपत्रात या नळ्यांची एक ओळ घालता येईल. आषाढी वारी लोणंदला येते तेव्हा लाखो माणसे एकाच पाण्यावर असतात, तोवर त्या आल्या तर बरे.